चुकलेल्या लग्नाचा आहेर

वैशाखातला दुसरा रविवार, सात वर्षांपूर्वीचा. रक्कम पाचशे एक रुपये. हजर माणसं: मी, सुनीता, आमची तन्वी, तुम्ही, आणि तुमच्या मांडीवर वर्षाची ओवी. ठिकाण मंचरचं एक मंगल कार्यालय. पैसे घेणारा माणूस आपला कोण लागतो, हे त्या दिवशी आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

वहिनी, माझी सुरुवात ही अशीच व्हायची. तुम्ही असता तर म्हणाला असता, "भावजी, मेल्या माणसाशीबी पावती फाडूनच बोलणार का?"

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. भेटायला येणारे लोक तुमच्या हातच्या चवीबद्दल बोलतात, तुम्ही कुणाच्या बाळंतपणाला धावलात ते सांगतात. सगळं खरं आहे. मी मान हलवतो. पण माझ्या डोक्यात तुम्ही बसलेल्या असता मागच्या दाराच्या ओट्यावर, पुढ्यात लसणाची नाहीतर मटाराची टोपली, आणि शेजारी पोर वाचत असतं. त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते घरातलंच होतं. म्हणून मी बोलतो.

त्या लग्नापासूनच सुरुवात करावी लागेल. आमच्या दूध संस्थेतून टँकर नेणारा ड्रायव्हर होता, त्याच्या मुलाचं लग्न. पत्रिका माझ्या हातात संस्थेतच पडली. मी दुधाची फॅट काढणारा माणूस. कागद समोर आला की माझी नजर आधी आकड्यावर बसते आणि बाकीचं पान कोरं होऊन जातं. मी पाहिलं बारा वाजून पस्तीस मिनिटं, आणि पाहिलं मंचर. ड्रायव्हर मंचरचा, तेव्हा शंका यायचं कारण नव्हतं. पत्रिका खिशात टाकली.

दादा गोठ्यामुळे घरी थांबला. आपण व्हॅनमधून निघालो. तन्वी तेव्हा चौथीत होती आणि मोठ्यानं वाचण्यात वर्गात पहिली. मी तिला म्हटलं, पत्रिका वाच बरं. तिनं वरच्या गणपतीपासून वाचायला घेतलं. विशाल आणि काजल ही नावं वाचली, आजोबा-पणजोबांची नावं वाचली, साखरपुडा आणि हळद शनिवारी मंचरला, हे वाचलं, विवाह रविवारी वधूच्या गावी नारायणगावला, हेही वाचलं, आणि शेवटी लहान मुलांच्या नावानं छापतात ती बोबडी ओळसुद्धा बोबडं बोलून वाचली. एक अक्षर अडलं नाही. मी सुनीताला म्हणालो, "बघ, कशी पाण्यासारखी वाचते." तेव्हा नारायणगाव नुकतंच मागं पडलं होतं. लग्न होतं ते कार्यालय आपल्या वारूळवाडीपासून पायी जाण्याच्या अंतरावर होतं आणि आपण कळंबच्या दिशेनं चाललो होतो, पोरीचं कौतुक करत.

मंचरच्या त्या कार्यालयात हळद आदल्या दिवशीच लागून गेली होती. रविवारी तिथं दुसऱ्याच कुणाचं लग्न होतं. फाटकावर फुलांच्या अक्षरात पाटी होती. तन्वीनं तीही खणखणीत वाचली: "सागर आणि प्रियांका." आपण "वा" म्हणालो आणि आत शिरलो. फेटे बांधलेल्या दोघांनी "या पावणं, या" म्हणून हात जोडले. आपण अक्षता टाकल्या. मसालेभात, बुंदी, मठ्ठा. आहेराच्या टेबलावर एक गृहस्थ वही घेऊन बसले होते. नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. पाचशे एक.

मठ्ठ्याचा दुसरा ग्लास तुमच्या हातात होता, तेव्हा तुम्ही तन्वीला हळूच विचारलंत, "तन्वे, पत्रिकेत नवरीचं नाव काय व्हतं गं?"

"काजल."

"आन् फाटकावर?"

"प्रियांका."

तन्वीनं दोन्ही उत्तरं पटकन दिली, शाळेत देतात तशी. दोन उत्तरं एकमेकांशेजारी ठेवून पाहायची असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. सुनीताचा हात बुंदीवर थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "भावजी, आपण जेवलो कुणाकडं?"

मी उठलो आणि आहेराच्या टेबलाकडे निघालो. चूक झाली आहे, नोंद खोडा, असं सांगणार होतो. तुम्ही म्हणालात, "खाली बसा. काय सांगणार त्यास्नी? जेवण माघारी घ्या म्हणून?"

"अहो पण पाचशे एक रुपये आहेत."

"पोटभर जेवलात न्हवं? मग लगीन आपलंच."

परत येताना नारायणगावात खऱ्या लग्नातली वरात निघायच्या बेतात होती. त्या गर्दीतून तोंड चुकवत आपण घरी आलो. दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला संस्थेत गाठून पाचशे एक त्याच्या हातात दिले. म्हणजे एका जेवणाला एक हजार दोन. पुढची सात वर्षं तुम्ही ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलीत आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणत आलात, "आमच्या भावजींचा हिशेब लई चोख, फकस्त लगीन चुकतं."

त्याच आठवड्यात तुम्ही तन्वीला ओट्यावर बसवलंत. मी विचारलं, हे काय नवीन? तुम्ही म्हणालात, "पोरगी झ्याक वाचती. पण ती वाचती तवा कोण आयकत न्हाई. तीबी न्हाई."

हे वाक्य मला त्या वेळी लागलं. मुलगी माझी होती आणि वर्गात पहिली होती. तुमचं शिक्षण घाटघरला झालं ते सातवीपर्यंत. वाचताना तुम्ही ओळीखाली बोट धरायचात आणि ओठ हलायचे. मनात म्हटलं, ह्या काय शिकवणार. पण संध्याकाळी फोन बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी आडवा आलो नाही.

तुमच्याकडे पुस्तक असं एक नव्हतं. घरात जो छापील कागद येईल तो वाचायचा. लग्नसराईत पत्रिका, एरवी खताच्या पोत्यावरचा मजकूर, वीज जाणार असल्याची सूचना, पेपरातली बाजाराची बातमी, आणि अर्थात शाळेचा धडा. थोडं वाचायचं आणि कागद पालथा घालायचा. मग जे वाचलं ते दादाला जाऊन सांगायचं. दादा गोठ्यात धार काढत असायचा. त्याला एका कानानं कमी ऐकू येतं आणि तो प्रत्येक वाक्याला "मग?" म्हणतो. तन्वी म्हणायची, बोर्डाचे पेपर सोपे, दादाकाकांचं "मग?" अवघड. जी गोष्ट तिला नीट समजलेली नसायची ती तिसऱ्या "मग?"ला तुटायची. मग ती धावत ओट्यावर यायची, कागद सुलटा करायची आणि कुठं तुटलं ते शोधायची. तुम्ही मदत करत नव्हता. म्हणायचात, "बोट ठेव. कुठं लिवलंय तिथं बोट ठेव."

मी माझ्या परीनं सुधारणा सुचवली. मोबाईलवर घड्याळ लावून एका मिनिटात ती किती शब्द वाचते ते मोजायला लागलो आणि आकडे कॅलेंडरवर लिहायला लागलो. चार दिवस तुम्ही पाहिलंत. पाचव्या दिवशी लसूण सोलता सोलता म्हणालात, "भावजी, दुधाची फॅट काढा. पोरीची काढू नका."

"मोजल्याशिवाय प्रगती कळणार कशी?"

"तुमच्या दादास्नी इचारा, त्यांनी आज कितींदा मग म्हणलं."

सुनीता हसली आणि मी घड्याळ बंद केलं. मात्र मनगटावरच्या घड्याळात बघून कॅलेंडरवरचे आकडे मी महिनाअखेरपर्यंत लिहीत होतो, तुमच्या नकळत. म्हणजे मला वाटत होतं की नकळत.

टोमॅटोचं मात्र मला कबूल करावं लागलं. त्या उन्हाळ्यात मालाला भाव चढला होता आणि दुसऱ्या दिवशी तोडा धरला होता. तोडणीच्या बायका सांगून ठेवल्या होत्या. संध्याकाळी तन्वीच्या हातात औषधाच्या बाटलीबरोबरचा घडीचा कागद आला, कारण त्या दिवशी दुसरं काही वाचायला नव्हतं. ती वाचत होती, फवारणीनंतर इतके दिवस काढणी करू नये. मी ऐकत होतो, दादा ऐकत होता. आम्ही दोघांनी स्वतः फवारलं होतं. तिनं कागद पालथा घातला आणि तुम्ही विचारलंत, "मग उद्या तोडायचा का न्हाई?"

तन्वी उठली. कॅलेंडरपाशी गेली, फवारणीचा दिवस पाहिला, बोटांवर मोजलं. परत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "नाही. अजून दोन दिवस नाही."

दादा म्हणाला, "सगळंच असं तोडत्यात, कोण बघतंय."

तुम्ही म्हणालात, "पोरीनं बघितलं न्हवं. आता तिला कसं सांगायचं की वाचलं ते खोटं?"

तोडा दोन दिवस पुढं गेला. भाव उतरला. किती नुकसान झालं ते मी काढलं होतं आणि तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, "ठीक हाय." त्या दिवसापासून तन्वी कोणताही कागद वाचताना मध्येच थांबायला लागली. तिचा वेग कमी झाला. कॅलेंडरवरचे आकडे उतरले तेव्हा मी काळजीत पडलो होतो, वहिनी. ती थांबते म्हणजे विचार करते, एवढं कळायला मला दुसरी मुलगी वाचताना पाहावी लागली.

ती दुसरी म्हणजे ओवी, तुमची नात. अमोल आणि सूनबाई चाकणला कंपनीत, आणि ओवी तुमच्यापाशी. तन्वी मोठ्या शाळेत गेली आणि ओट्यावरची जागा ओवीला मिळाली. ओवी तन्वीसारखी पाण्यासारखी वाचत नाही. अडते, मागं जाते, मध्येच वर पाहून भलतंच विचारते. तुमचं आणि तिचं लगेच जमलं.

आपला खरा वाद ओवीवरून झाला. तो अजून मिटलेला नाही, म्हणून इथं लिहितो. तुम्ही पोरांना असे प्रश्न विचारायचात ज्यांचं उत्तर तुम्हालाही माहीत नसायचं. धड्यातली म्हातारी शेजारणीशी बोलत का नसेल? हा माणूस घर सोडून गेला तेव्हा कुत्र्याला कुणी खायला घातलं असेल? मी म्हणायचो, ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नाही त्याला गुण कसे देणार? तुम्ही म्हणायचात, "ठाऊक हाय ते इचारायचं कशाला? पोरास्नी कळतं, ही आपली परीक्षा घेती का खरंच इचारती. परीक्षा घेतली की ते आपलं तोंड बघत्यात. खरं इचारलं की कागद बघत्यात."

मग दुसरीच्या चाचणीत उतारा आला. एक आजी दारावरची थाप ऐकूनही दार उघडत नाही. प्रश्न होता, आजीने दार का उघडले नाही? उताऱ्यात सरळ लिहिलं होतं की तिचे हात पिठाने भरले होते. ओवीनं लिहिलं, "आजीला विचारले पाहिजे." शून्य गुण. पेपर घरी आला तेव्हा मी तो तुमच्यापुढं ठेवला. जिंकलो असं वाटलं, हे खरं आहे.

"वहिनी, कागदावर जे आहे तेच तिनं पाहिलं नाही. ह्याला तुमचे प्रश्न जबाबदार आहेत."

तुम्ही पेपर बोट धरून पूर्ण वाचलात. ओठ हलत होते. मग घडी केलीत. रात्री जेवताना माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं, दुखावलं. पण दुसऱ्या संध्याकाळी ओट्यावरून आवाज आला, "ओवे, आधी पानावरचं, मग मनातलं. पानावरचं संपल्याबिगर मनातलं काढायचं न्हाई." हे तुमच्या शिकवण्यात नवीन होतं. ते माझ्याकडून गेलं होतं, आणि तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत. मीही नाही. दीर-भावजयीत एवढं मोठेपण कुणी कुणाला देत नाही. आता देतो. तुमचं "मनातलं" नसतं तर माझं "पानावरचं" कोरडंच राहिलं असतं.

आणि मग यंदा माघात ती दुसरी पत्रिका आली.

पाकिटावर माझं नाव, खाली "व परिवार, वारूळवाडी". पाठवणारे मंचरचे. मी नाव तीनदा वाचलं, ओळख लागेना. ओवीनं ती ओट्यावर नेली आणि वाचायला लागली. वधूच्या भावाचं नाव आलं, सागर. त्याच्या बायकोचं आलं, प्रियांका. ओवीला ती नावं तुमच्या गोष्टीतून पाठ होती. ती थांबली. पत्रिका खाली ठेवली, वर घेतली, त्या दोन नावांवर दोन बोटं ठेवली आणि ओरडली नाही, फक्त म्हणाली, "आजी, ही बुंदीवाली माणसं हायेत."

तुम्ही इतक्या हसलात की टोपली कलंडली. मटार अंगणभर झाला.

त्यांच्या वहीत माझं नाव होतं. ज्यानं आपल्या लग्नात आहेर केला त्याला घरच्या पुढच्या कार्याला बोलावायचं, हा आपल्याकडचा रिवाज. त्यांनी तो पाळला होता. मी म्हणालो, फोन करून सांगतो, चुकून झालं होतं, आम्ही तुमचे कुणी नाही.

तुमचं हसू थांबलं. "त्यांनी सात वर्सं नाव जपलं आन् तुमी एका फोननं पुसून टाकता व्हय?"

"पण ते खोटं नाव आहे, वहिनी. म्हणजे नाव खरं, नातं खोटं."

"जेवलोय आपण."

"जेवणाचे पैसे दिलेत."

"मग बोलवत्यात ते चुकीचं कुठं हाय?"

असं दोन-तीन दिवस चाललं. शेवटी तुम्ही जाहीर केलंत की तुम्ही जाणार, कुणी येवो न येवो. आणि ओवीला सांगितलंत, "तू वाचायचं आन् तूच न्यायचं. कुठं जायचं, किती वाजता, फाटकावर कुणाची नावं, सगळं तूच. आपण यंदा बराबर लग्नाला जायचं." ओवीनं ती पत्रिका देवघराच्या फळीवर ठेवली. तिच्या दृष्टीनं ती तिची परीक्षा होती आणि तुमची सहल.

फाल्गुनात तुम्ही गेलात.

ओवी रडली ती मोठ्या माणसांसारखी, तोंड झाकून. दहावं-तेरावं झालं, अमोल आणि सूनबाई चाकणला परत गेले, शाळा होती म्हणून ओवी इथं राहिली. ती सगळं करायची, पण वाचायची नाही. शाळेत विचारलं की एका दमात वाचून टाकायची, न थांबता, आणि खाली बसायची. बाईंनी मला सांगितलं, वाचन सुधारलंय. ते वाचन मी ओळखत होतो. ते व्हॅनमधलं वाचन होतं.

ओट्यावर आता कोण बसणार, हे घरात कुणी बोललं नाही. सुनीताला वेळ नाही, तन्वीचं कॉलेज, दादा संध्याकाळी गोठ्यातून बाहेरच येत नाही. एक दिवस मी मटाराची टोपली घेऊन बसलो. ओवी आली. मी धडा उघडला, वाचून घेतला, आणि प्रश्न विचारले. कोण, कुठे, केव्हा. तिनं सगळी उत्तरं बरोबर दिली, माझ्या तोंडाकडे बघत. तुम्ही म्हणायचात ते मी डोळ्यांनी पाहिलं, वहिनी. तिनं एकदाही कागदाकडे बघितलं नाही. चौथ्या प्रश्नाला ती म्हणाली, "नाना, झालं का?" आणि उठून गेली. असं आठवडाभर चाललं. मला दुसरं येतच नव्हतं.

लग्नाच्या आधीच्या गुरुवारी मी देवघरातली पत्रिका काढली. फोन करून येत नाही म्हणून कळवायचं, एवढ्यासाठी. नंबर शोधताना मी ती पहिल्यांदा पूर्ण वाचली. आणि मला खरोखरच एक गोष्ट कळेना. मी ओवीला हाक मारली. शिकवायचं म्हणून नव्हे.

"ओवी, मला एक सांग. ह्या लोकांना आपण त्यांचे कुणी नाही हे माहीत असेल का? माहीत असून बोलावलं, की माहीत नाही म्हणून बोलावलं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी काही लपवत नाही हे तिला पटायला थोडा वेळ लागला. मग तिनं पत्रिका माझ्या हातातून घेतली. ओळीखाली बोट धरलं. ओठ हलायला लागले, अगदी तुमच्यासारखे. पाकिटावरचं नाव पाहिलं, मागची बाजू पाहिली.

"पानावर न्हाई ते," ती म्हणाली.

"मग मनातलं सांग."

"ते तिथं जाऊन इचारावं लागंल." मग तिनंच विचारलं, "नाना, आजीला फाटकावरच कळलं व्हतं का? आधी जेवून घेऊ, मग सांगू, असं केलं का तिनं?"

वहिनी, हा प्रश्न माझा सात वर्षं तुम्हाला विचारायचा राहिला. तन्वीनं पाटी वाचली तेव्हा तुम्ही क्षणभर थांबला होतात. चपलेत खडा गेला म्हणालात. मी ओवीला म्हणालो, "माहीत नाही." आणि ती त्या दिवसांत पहिल्यांदा हसली, कारण मला खरंच माहीत नव्हतं.

दुखवट्याच्या वर्षात लग्नाला जावं का, ह्यावर सुनीता कचरत होती. दादाला विचारलं. तो धार काढत होता. ओवीनं त्याला सगळं सांगितलं, पत्रिका कुणाची, लग्न कुठं, आजी काय म्हणाली होती. तो दर वाक्याला "मग?" म्हणत गेला आणि गोष्ट कुठंही तुटली नाही. शेवटी म्हणाला, "मग जा की. तिनं सांगितलंय."

रविवारी मी आणि ओवी निघालो. पत्रिका तिच्या हातात. हळद घरी, विवाह कार्यालयात, कार्यालय जुन्या रस्त्याला, हायवेला नव्हे, हे तिनं घरीच दोनदा बोट ठेवून पाहिलं होतं. मला ती फाटकाच्या आत जाऊ देईना. आधी पाटीवरचं एक नाव वाचलं, मग पत्रिकेतलं, मग दुसरं. मागं माणसं खोळंबली. एक आजोबा म्हणाले, "बाळ, तिकीट तपासती का काय?" ओवी म्हणाली, "मागल्या बारीला चुकलं व्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बराबर हाय, नाना. चला."

जेवणाआधी आम्ही वधूच्या वडिलांना गाठलं. मी नाव सांगितलं. "अरे वा, वारूळवाडीकर," असं म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी त्यांना सगळं सांगून टाकलं: ड्रायव्हर, नारायणगाव, बुंदी. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बदलत होता.

"म्हंजी तुमी आमचे कोणच न्हाई?"

"कुणीच नाही."

"आवो, आमी सात वर्सं भांडतोय. मी म्हणतो तुमी सुनंच्या माहेरचे, व्याही म्हणत्यात तुमी आमच्याकडले."

ओवीनं विचारलं, "मग तुमाला कळलं कवा?"

"कळलंच न्हाई, बाळा. आत्ता कळलं, तुझ्या नानांनी सांगितलं तवा."

"मग बोलवलं कसं?"

ते खरंच विचार करत होते. "आता नाव व्हतं ना लिवलेलं," ते म्हणाले. "जेवून गेलेलं माणूस. त्याला न बोलवून कसं चालंल?"

ओवीनं माझ्याकडे पाहिलं. तुमचं वाक्य परक्या माणसाच्या तोंडून आलं होतं आणि तिला ते कळलं होतं. मी मान खाली घातली. ह्या वादात तुम्ही जिंकलात, वहिनी. गुण द्यायला तुम्ही नाही, म्हणून मीच देतो.

तुमच्याबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी मांडवात सांगितलं नाही. आम्ही जेवलो. बुंदी होती. ओवीनं दोनदा घेतली आणि म्हणाली, मागल्या बारीला मला दात नव्हते.

मग आहेराच्या टेबलाशी गेलो. वहीवर एक तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "कुणाच्या नावानं लिहू?" माझं नाव ओठांवर आलं होतं. पण पुढच्या कार्याला ह्या घरची पत्रिका आपल्याकडे येईल तेव्हा ती वाचायची कुणी, हे मला तिथं उभं असताना स्पष्ट दिसलं.

दिले: पाचशे एक रुपये, रोख. कुणाला: मंचरच्या त्या घराला, जिथं आपण चुकून जेवलो होतो. नाव: ओवी, वारूळवाडी. लिहून झाल्यावर ओवीनं वही आपल्याकडे फिरवून घेतली, त्या ओळीखाली बोट धरलं आणि सावकाश वाचून पाहिलं.